शाळेने नोकरीवरून काढलं आहे? शाळा न्यायाधिकरणातलं अपील पायरीपायरीने

जूनमध्ये शाळा उघडली, सर नेहमीसारखे साडेदहाला पोहोचले आणि मस्टरवर त्यांचं नावच नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "अध्यक्षांना भेटा." अध्यक्ष म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबा, बघू काहीतरी." सर थांबले. माझ्याकडे आले तेव्हा नोव्हेंबर लागला होता आणि हातात एकही कागद नव्हता, ना काढल्याचा, ना शाळेत गेल्याचा.

मी शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची अपिलं जिथे चालतात तिथे, वकिली करतो. असे सर आणि मॅडम दरवर्षी भेटतात. त्यातले बरेचजण हरतात. संस्थेने त्यांना योग्य कारणाने काढलं होतं म्हणून ते हरत नाहीत. मुदत निघून जाते, कागद नसतात, नाहीतर अपिलात जे लिहायलाच हवं ते लिहिलेलं नसतं. म्हणून हा लेख फक्त त्या कामाबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळेच्या संस्थेने बडतर्फ केलं, काढून टाकलं, सेवा समाप्त केली किंवा पदावनत केलं (खालच्या पदावर आणलं), तर १९७७च्या महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी अधिनियमाच्या कलम ९ खाली अपील करता येतं. आपल्याला डावलून दुसऱ्याला बढती दिली तरी याच कलमाचा आधार आहे. शिक्षकांइतकाच हा कायदा शाळेतल्या लिपिकाला, प्रयोगशाळा सहायकाला आणि शिपायालाही लागू आहे.

१. आधी आपलं दार कोणतं ते ठरवा

चुकीच्या ठिकाणी अर्ज देऊन वर्ष घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून इथून सुरुवात.

खासगी शाळा म्हणजे सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था सोडून इतर व्यवस्थापनाने चालवलेली मान्यताप्राप्त शाळा. अनुदानित आणि विनाअनुदानित, दोन्ही यात येतात. अल्पसंख्याक संस्थेची शाळा आहे म्हणून अपील चालणार नाही, असं कोणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. त्या शाळांना कायद्याने दिलेली सूट मुख्यतः काही मोजक्या पदांच्या भरतीपुरती आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांना हे न्यायाधिकरण नाही. त्यांच्यासाठी जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, १९६४ आहेत. पदवी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ खालच्या विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात जायचं. शिक्षकाने कामगार न्यायालयात जाऊ नये. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्येच सांगितलं आहे आणि ते प्रकरण गोव्यातल्या एका शिक्षिकेचं होतं.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार जरूर करा. पण ती अपिलाची जागा घेत नाही आणि तिच्यामुळे मुदतही थांबत नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. शिक्षणाधिकारी कार्यालयातून 'नियमानुसार कार्यवाही करावी' असं पत्र संस्थेला जातं, त्याची एक प्रत आपल्याला येते, आपल्याला वाटतं काम सुरू झालं. तोवर अपिलाच्या मुदतीचे तीस दिवस संपलेले असतात.

> तपासा: आपल्याविरुद्धची कारवाई नक्की काय आहे? नुसतं निलंबन, बदली किंवा पगार अडवणं यावर कलम ९चं अपील चालत नाही. सेवा संपवणं, पदावनती किंवा बढतीत डावलणं यापैकी काहीतरी हवं.

२. तीस दिवस मोजा, आणि तारखेचा पुरावा सांभाळा

मुदत तीस दिवसांची आहे. आदेशावर कोणती तारीख आहे यावर ती अवलंबून नाही. आदेश हातात पडला त्या दिवसापासून ती मोजतात. समजा आदेशावर २ जून लिहिलंय आणि टपाल ११ जूनला मिळालं. ११ जून सोडून १२ जून हा पहिला दिवस, म्हणजे तिसावा दिवस ११ जुलै. मी अशीलांना विसाव्या दिवसाचं लक्ष्य देतो. फी, प्रती, सह्या, प्रतिज्ञापत्र यात शेवटचा आठवडा कसा जातो ते कळत नाही.

आता ११ जूनला मिळालं हे सिद्ध कशाने होणार? पाकिटाने. पाकिटावर टपाल खात्याचा शिक्का असतो, नोंदणी क्रमांक असतो. तोच क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की कोणत्या दिवशी पोहोचलं ते दिसतं. त्याची छापील प्रत त्याच दिवशी काढून ठेवा. माझ्या एका अशील मॅडमनी आदेश नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता आणि पाकीट रद्दीत दिलं होतं. संस्थेने आधीची तारीख सांगितली आणि आम्हाला पोस्टातून दाखला मिळवण्यात दोन तारखा गेल्या.

आदेश हातोहात दिला तर सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने लिहा आणि शक्य असेल तर वेळही. 'मजकूर मान्य नाही, फक्त प्रत मिळाली' एवढे शब्द लिहायला कुणी अडवू शकत नाही.

> सावधान: टपाल घ्यायला नकार देऊ नका. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत गेलं तर ते तुम्हाला मिळालं असंच धरलं जातं. मुदत सुरू होते आणि आदेशात काय आहे हेही तुम्हाला कळत नाही.

लेखी आदेशच दिला नाही, नुसतं फाटकावर अडवलं, तर? तेही सेवा संपवणंच आहे आणि त्यावर अपील होतं. फक्त तारीख तुम्हाला उभी करावी लागते, आणि ती पहिल्यांदा अडवलं त्या दिवसाची धरा. 'अजून लेखी आलं नाही' म्हणून वाट बघत बसू नका.

३. पहिल्या तीन-चार दिवसांत

या दिवसांत लिहिलेल्या पत्रांवर पुढे सगळं प्रकरण उभं राहतं. एवढं करा:

पहिलं, शाळेत जा. अडवलं तरी जा, निदान दोन-तीन दिवस. त्याच संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि मुख्याध्यापक यांना पत्र लिहा: 'आज दि. … रोजी सकाळी … वाजता मी कामावर हजर झालो/झाले. मला हजेरीपटावर सही करू दिली नाही. मी काम करण्यास तयार आहे.' चार ओळी पुरे. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांच्या आवक विभागात देऊन शिक्का घ्या. मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे, आणि कनिष्ठ महाविद्यालयाचं असेल तर शिक्षण उपसंचालकांकडेही एक प्रत द्या.

हे पत्र इतकं महत्त्वाचं का, तर संस्थेचा ठरलेला बचाव असतो: 'आम्ही काढलंच नाही, तेच नोकरी सोडून गेले.' त्या आठवड्यातलं शिक्का असलेलं पत्र त्या बचावाला जागेवर थांबवतं. सहा महिन्यांनी लिहिलेल्या पत्रात तेवढा जोर नसतो.

दुसरं, काहीही सही करू नका. कोरा कागद, आधीच टाइप केलेला राजीनामा, 'हिशोब पूर्ण मिळाला' अशी पावती, यातलं काहीच नाही. राजीनाम्याबद्दल कायदा कडक आहे आणि तो कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे. कलम ७प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत हवा, दोन्हींवर सही आणि तारीख हवी, एक प्रत संस्थेला नोंदणीकृत टपालाने जाते आणि दुसरी कर्मचाऱ्याकडे राहते. नेमणुकीच्या वेळीच घेऊन ठेवलेला बिनतारखेचा राजीनामा पुढे संस्थेने वापरला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. तसं झालं असेल तर कळल्याच्या दिवशीच लेखी कळवा: सही कोणत्या परिस्थितीत घेतली, तारीख कोणी घातली, आणि मी राजीनामा दिलेला नाही.

तिसरं, अध्यक्षांशी बोलणी चालू ठेवायची असतील तर ठेवा. समेट झाला तर चांगलंच आहे, आणि अपील मागे घेता येतं. पण बोलणी आणि अपिलाची तयारी एकाच वेळी चालू द्या. 'कोर्टात गेलात तर बोलणी बंद' असं कोणी म्हणालं, तर तीस दिवस संपायची वाट कोण बघतंय ते ओळखा.

४. कागद: काय हवं आणि कुठे मिळतं

बहुतेकांकडे निम्मे कागद असतात. नेमणूक आदेश (या कायद्याखालच्या १९८१च्या नियमांतल्या अनुसूची 'ड'च्या नमुन्यात तो असायला हवा), रुजू अहवाल, शैक्षणिक पात्रतेची प्रमाणपत्रं, वैयक्तिक मान्यतेचा (तुमच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेल्या मान्यतेचा) आदेश, सेवापुस्तकाची दुय्यम प्रत, पगाराच्या बँक नोंदी, शालार्थवरची (शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीवरची) पगारपत्रकं, ज्येष्ठता यादी. पहिली ते आठवीवर नेमणूक असेल आणि ती १३ फेब्रुवारी २०१३नंतरची असेल, तर टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) प्रमाणपत्र. निवडणूक कामाचे आदेश, बोर्डाच्या पेपर तपासणीची पत्रं, प्रशिक्षणाचे दाखले हेही गोळा करा. ज्याला संस्था 'आमच्याकडे कधी नव्हताच' म्हणते, त्याला तहसीलदारांनी त्याच शाळेच्या नावाने निवडणूक कामाचा आदेश पाठवलेला असतो.

नेमणुकीची जाहिरात ही सगळ्यात जास्त विसरली जाते. वर्तमानपत्राचं कात्रण नसेल तर त्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात किंवा सार्वजनिक वाचनालयात जुना अंक सापडतो.

संस्थेकडे अडकलेले कागद दोन ठिकाणांहून मिळतात. शिक्षणाधिकारी कार्यालयात संच मान्यता (शाळेला मंजूर पदांचा आदेश), वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाची नोंद) हे असतं आणि माहितीच्या अधिकारात मागता येतं. धर्मादाय आयुक्त कार्यालयात संस्थेच्या परिशिष्ट एकचा उतारा मिळतो, ज्यात आज विश्वस्त कोण आहेत ते दिसतं. संस्थेत दोन गट असतील तर हा उतारा लागणारच.

> सावधान: माहितीच्या अधिकारात उत्तर द्यायलाही तीस दिवसांची मुदत असते. म्हणजे ते कागद येईपर्यंत थांबलात तर अपिलाची मुदत गेली. आहेत त्या कागदांवर अपील दाखल करा, बाकीचे मागाहून यादीसह जोडा.

मग एका कागदावर तारखांचा तक्ता करा. डावीकडे तारीख, उजवीकडे काय घडलं, आणि शेवटी त्याचा पुरावा कोणता. जाहिरात, मुलाखत, नेमणूक, रुजू, मान्यता, पहिली नोटीस, खुलासा, आदेश. वकिलाकडे जाताना हा एक कागद नेला तर अपिलाचा मसुदा दोन दिवसांत होतो.

५. अपिलाचा मसुदा: इथे घाई करू नका

हरलेल्या अपिलांचे कागद वाचले की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आठ पानं अन्यायाची कहाणी आणि नेमणुकीबद्दल एक ओळ. संताप समजण्यासारखा आहे, पण न्यायाधिकरण आधी नेमणूक बघतं. शाळा खासगी आणि मान्यताप्राप्त आहे का, आणि नेमणूक कलम ५ व नियमांप्रमाणे झाली होती का, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी द्यावी लागतात. ती तुमच्या बाजूने आली तरच पुढे काढणं बरोबर की चूक याला अर्थ उरतो.

म्हणून पहिले परिच्छेद साधारण असे हवेत:

'प्रतिवादी संस्था … ही शाळा चालवते. शाळा मान्यताप्राप्त असून तिला … पासून अनुदान आहे. दि. … च्या जाहिरातीनुसार अपीलकर्त्याने अर्ज केला. दि. … रोजी मुलाखत झाली. अपीलकर्ता … पात्रता धारण करतो. पद कायम व रिक्त होतं आणि … प्रवर्गासाठी होतं. दि. … च्या आदेशाने दोन वर्षांच्या परिविक्षा कालावधीवर नेमणूक झाली आणि अपीलकर्ता दि. … रोजी रुजू झाला.'

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. 'कायम व रिक्त पद' लिहिलं नाही तर संस्था म्हणते नेमणूक तात्पुरती होती. प्रवर्ग लिहिला नाही तर संस्था म्हणते पद राखीव होतं आणि तुम्ही एका वर्षापुरते होता. परिविक्षा (कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ) लिहिली नाही तर दोन वर्षं पूर्ण झाल्यावर कायम झालो, हे म्हणायला आधारच राहत नाही. कायद्याप्रमाणे ती दोन वर्षं समाधानकारक पूर्ण झाली की कर्मचारी कायम झाला असं समजलं जातं, वेगळा आदेश लागत नाही. शिक्षण सेवकांचा (सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकांचा) कालावधी तीन वर्षांचा आहे, तो हिशोब वेगळा मांडा.

शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता नसेल तर ते लपवू नका. मान्यता नाही एवढ्यावरून नेमणूक बेकायदा ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सेंट उलाई हायस्कूल प्रकरणात स्पष्ट केलं आहे. प्रस्ताव पाठवायचं काम संस्थेचं होतं, हेही लिहा.

यानंतर काढणं का चुकीचं आहे ते. इथे आपण कोणत्या गटात आहोत ते आधी ठरवा.

*परिविक्षेत काढलं असेल,* तर बघायचं की काम किंवा वर्तन असमाधानकारक होतं याचा काही कागद आहे का, आधी कधी लेखी समज दिली होती का, गोपनीय अहवाल काय म्हणतात, आणि एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार दिला का.

*कायम असताना काढलं असेल,* तर चौकशीचा प्रश्न येतो आणि बहुतेक संस्था इथेच चुकतात. १९८१च्या नियमांतल्या नियम ३६प्रमाणे चौकशी समिती तीन जणांची असते. एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांमधून निवडलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. मुख्याध्यापकाची चौकशी असेल तर रचना थोडी वेगळी आहे, पण तीही तिघांचीच. संस्थेच्या वकिलाने एकट्याने केलेली चौकशी ही या नियमांतली चौकशीच नाही. निष्कर्षही तिघांनी मिळून द्यायचे असतात. विद्या विकास मंडळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. चौकशी पूर्ण करायला १२० दिवसांची मर्यादा आहे.

मसुद्यात हे सगळं 'चौकशी बेकायदा झाली' अशा एका वाक्यात उरकू नका. नेमकं लिहा: आरोपपत्र कधी मिळालं, कागदपत्रं कोणत्या तारखेच्या पत्राने मागितली आणि मिळाली नाहीत, कोणत्या साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली नाही, निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता दिला की नाही.

काढण्याचा आदेश कोणी दिला तेही तपासा. काढायचा अधिकार व्यवस्थापनाचा आहे. मुख्याध्यापकांनी एकट्याने सही करून दिलेल्या आदेशामागे संस्थेचा ठराव आहे का, तो कोणत्या सभेत झाला, सभेची नोटीस निघाली होती का, हे अपिलातच विचारा आणि इतिवृत्त हजर करण्याची मागणी करा.

मागण्या लिहिताना

आदेश रद्द करावा, पूर्वीच्या पदावर सेवा सातत्यासह पुन्हा घ्यावं, पूर्ण मागील वेतन आणि अनुषंगिक लाभ द्यावेत, एवढं सगळे लिहितात. दोन गोष्टी राहून जातात.

एक: 'काढल्यापासून मी कुठेही नोकरी करत नाही, मला दुसरं उत्पन्न नाही' हे विधान. दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय या २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा काढलेल्या शिक्षिकेला पूर्ण मागील वेतन दिलं, आणि ते प्रकरण याच कायद्याखालचं, छत्रपती संभाजीनगरच्या न्यायाधिकरणातून सुरू झालेलं होतं. त्या निकालाचा फायदा हवा असेल तर बेरोजगार असल्याचं विधान आधी तुम्ही करायचं असतं. मग तुम्ही नोकरीत होता हे दाखवायची जबाबदारी संस्थेवर जाते. दरम्यान शिकवणी घेत असाल किंवा दुसरीकडे तासिका तत्त्वावर काम करत असाल, तर ते खरं सांगा. खोटं उघडं पडलं तर फक्त पगाराचंच नव्हे, सगळ्या प्रकरणाचं नुकसान होतं.

दोन: अनुदानित शाळा असेल तर, संस्थेने पैसे दिले नाहीत तर ते अनुदानातून कापून थेट कर्मचाऱ्याला द्यावेत अशी शिफारस शासनाला करायचा अधिकार कलम ११ खाली न्यायाधिकरणाला आहे. तो वापरावा अशी मागणी लिहूनच ठेवा. मागितलं नाही तर निकालात ते येत नाही.

६. तीस दिवस उलटून गेले असतील तर

दार बंद झालेलं नाही. पुरेसं कारण दाखवलं तर न्यायाधिकरण उशिराने आलेलं अपील दाखल करून घेऊ शकतं. त्यासाठी विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतं.

यात 'घरगुती अडचणींमुळे उशीर झाला' असं एक वाक्य लिहिलेले अर्ज मी रोज बघतो. ते टिकत नाहीत. एकूण किती दिवस उशीर झाला तो आकडा लिहा आणि त्याचे तुकडे करा. समजा ७४ दिवस: त्यातले पहिले २१ दिवस आजारपण, दवाखान्याचा कागद जोडला आहे. नंतरचे ३८ दिवस शिक्षणाधिकाऱ्यांपुढे तक्रार प्रलंबित, तिची पोच जोडली आहे. उरलेले १५ दिवस कागद मिळवणं आणि वकील गाठणं. चुकीच्या न्यायालयात चांगल्या हेतूने घालवलेला काळही इथे मांडता येतो, तिथला अर्ज आणि निकालाची प्रत जोडा.

> तपासा: तुकड्यांची बेरीज एकूण दिवसांइतकी होते का? दहा दिवसांचा हिशोब लागत नसेल तर संस्थेचा वकील नेमका त्या दहा दिवसांवर बोलतो.

७. दाखल करणं आणि अंतरिम अर्ज

शाळा ज्या न्यायाधिकरणाच्या हद्दीत येते तिथे अपील द्यायचं. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, लातूर अशी ठिकठिकाणी न्यायाधिकरणं आहेत. आपला जिल्हा कुठे येतो ते जाण्याआधी फोनवर विचारून घ्या आणि फीची रक्कमही तेव्हाच विचारा. ही फी परत मिळत नाही.

प्रतिवादी कोण? संस्था (अध्यक्ष किंवा सचिवांमार्फत), मुख्याध्यापक, आणि शिक्षणाधिकारी. तुमच्या जागी कोणाला नेमलं असेल तर त्यालाही करा, नाहीतर पुढे 'मला ऐकलंच नाही' म्हणून तो उभा राहतो. संस्थेत वाद असेल तर दोन्ही गटांच्या पदाधिकाऱ्यांना नोटीस जाईल असं बघा.

प्रती मोजा: न्यायाधिकरणासाठी, प्रत्येक प्रतिवादीसाठी एक, आणि एक स्वतःसाठी दाखल क्रमांकासह. पानांना क्रमांक द्या. झेरॉक्सवर 'खरी प्रत' अशी सही करा. मूळ कागद देऊ नका, सुनावणीला सोबत न्या.

अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्या. न्यायाधिकरणाला आदेशाला स्थगिती द्यायचा अधिकार कलम १०ने दिला आहे. माझा अनुभव असा की आदेश अंमलात येऊन गेला असेल तर लगेच कामावर घेण्याचा अंतरिम हुकूम क्वचित मिळतो. म्हणून पर्यायी मागणी लिहा: अपिलाचा निकाल लागेपर्यंत हे पद कायमस्वरूपी भरू नये. तेवढं मिळालं तरी पुढची मोठी गुंतागुंत टळते.

८. संस्थेचं उत्तर आल्यावर

कायद्याची अपेक्षा अशी आहे की अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली निघावं. प्रत्यक्षात जास्त लागतं, आणि त्यातला बराच वेळ संस्थेच्या उत्तराची वाट बघण्यात जातो. दोन तारखा उत्तर आलं नाही तर 'उत्तराशिवाय पुढे चालवावं' असा लेखी अर्ज द्या.

उत्तर आलं की त्याला जोडलेले कागद आधी वाचा. तिथे नवीन काहीतरी असतं: तुम्ही कधीच न पाहिलेला मेमो, तुमची नसलेली सही, पालकांच्या एकाच हस्ताक्षरातल्या पाच तक्रारी. प्रत्येक कागदाबद्दल प्रत्युत्तरात स्पष्ट लिहा की हा मिळाला होता की नाही, सही माझी आहे की नाही. गप्प राहिलं तर ते मान्य केलं असं होतं. सहीचाच वाद असेल तर मूळ कागद हजर करायला सांगा आणि तज्ज्ञाकडे पाठवण्याचा अर्ज वेळेत द्या.

स्वतः प्रत्येक तारखेला जा. वकील आहेतच, पण जावक नोंदवहीत कोणत्या पानावर खाडाखोड आहे हे तुमच्या इतकं कोणाला कळणार नाही.

> सावधान: तारखेला कोणीच हजर नसेल तर अपील गैरहजेरीत काढून टाकलं जाऊ शकतं. ते पुन्हा दाखल करून घेता येतं, पण लगेच अर्ज द्यावा लागतो.

९. निकालानंतर

निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा, जिंकला असाल तरी आणि हरला असाल तरी.

न्यायाधिकरणाचा निर्णय कलम १२प्रमाणे अंतिम आहे, त्याविरुद्ध दुसरं अपील नाही. राहतो तो उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेचा मार्ग, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा ऑगस्ट २०२५पासून सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे. तिथे पुरावा नव्याने घेत नाहीत. न्यायाधिकरणापुढे जे मांडलं नाही ते तिथे सहसा मांडता येत नाही.

कधी कधी न्यायाधिकरण परत नोकरीवर न घेता भरपाई देतं: दहा वर्षं किंवा जास्त सेवा असेल तर बारा महिन्यांचा पगार, त्याहून कमी असेल तर सहा महिन्यांचा. हातात काय पडणार याचा अंदाज आधीपासून असू द्या, म्हणजे समेटाची रक्कम समोर आली की निर्णय घाईत होणार नाही.

जिंकला असाल तर त्याच आठवड्यात उच्च न्यायालयात कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) टाका. नाहीतर संस्था तुमच्या पाठीमागे स्थगिती घेऊन येते. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, संपत आलं की नव्याने टाका.

निकालाची प्रत संस्थेला स्वतः स्पीड पोस्टाने पाठवा, सोबत रुजू होत असल्याचं पत्र जोडा, आणि दोन्हींची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. निकालात ठरवून दिलेल्या मुदतीत संस्थेने पालन केलं नाही तर कलम १३ खाली संस्थेच्या जबाबदार व्यक्तींवर खटला होऊ शकतो. त्या तक्रारीला निकाल संस्थेला कधी मिळाला याची पोचपावती लागते, म्हणून ती जपून ठेवा.

आणि ज्या दिवशी पुन्हा मस्टरवर सही कराल, त्या दिवशी रुजू अहवाल दोन प्रतींत द्या, एकीवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्या, आणि 'न्यायाधिकरणाच्या आदेशाने पुनःस्थापित, सेवा अखंड' ही नोंद सेवापुस्तकात झाली का ते महिन्याभरात स्वतः उघडून बघा. ही नोंद राहिली म्हणून निवृत्तिवेतनाच्या वेळी मधली तीन वर्षं खंडित धरली गेल्याचं प्रकरण आत्ताही माझ्या टेबलावर आहे.